वायर किती मीटर कापायची?

मंचरमधल्या एखाद्या घरात स्टीरिओची जोडणी सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो: "दोन्ही स्पीकरना सारख्याच लांबीची वायर लागते ना?" अँप्लिफायर डाव्या भिंतीच्या कपाटात. डावा स्पीकर दोन मीटरवर, उजवा दाराला वळसा घालून सात मीटरवर. मग सारखेपणासाठी जास्तीची पाच मीटर वायर कपाटामागे वेटोळं करून कोंबली जाते.

लांबीचा असा हिशेब खरोखर ठेवावा लागतो तो इथून जवळच, नारायणगावापलीकडच्या खोडदला. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत. प्रत्येकीचा संदेश ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि कोणता किती उशिरा पोचला हे नॅनोसेकंदांत मोजूनच ते एकत्र केले जातात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. १४ किलोमीटरला ७० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो! दिवाणखान्यातल्या पाच मीटरच्या फरकाने पडणारा उशीर साधारण २५ नॅनोसेकंदांचा. केर काढताना एक स्पीकर बोटभर पुढे सरकला, तर त्याच्या हजारपटीहून जास्त फरक पडतो. त्यामुळे सारखी मोजायची ती स्पीकरपासून बैठकीपर्यंतची अंतरं.

वायरीच्या लांबीने वाढतो तो रेझिस्टन्स. दुकानात जिला दीड एमएमची म्हणतात, त्या तांब्याच्या जोडवायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.०२३ ओहम. सात मीटरला ०.१६. स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांत तो राहावा, असा या कामातला ठोकताळा. आठ ओहमच्या स्पीकरला मर्यादा ०.४ची, म्हणजे भरपूर वाव आहे. चार ओहमचा असेल तर अडीच एमएमची घेतलेली बरी. महागड्या पॅकिंगवर खर्च करण्यापेक्षा एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढुरकी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम; तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहून नेणारं.

रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या बारीक सिग्नलला केबलची कपॅसिटन्स बाधते, वरच्या पट्टीतल्या आवाजाचा तोल बदलतो. तिथे मीटर-सव्वा मीटरवर जाऊ नये. ती केबल मेनच्या वायरीला चिकटून नेली, तर गुणगुण ऐकू येऊ शकते.

आणि माप घ्यावं ते सुतळीने: टर्मिनलपासून खाली, स्कर्टिंगच्या कडेने, चौकटीभोवती, पुन्हा वर. सरळ रेषेत टेप धरणारा माणूस चौकटीपाशी हमखास कमी पडतो. सुतळीच्या मापात अर्धा-पाऊण मीटर जास्तीचा धरावा. अँप्लिफायर पुढे ओढून मागची धूळ पुसता आली पाहिजे, स्पीकर हातभर हलवून ऐकता आला पाहिजे. जागा पक्की होईपर्यंत वायरीला क्लिपा मारू नयेत.