मातीच्या वडीचा धडा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या जुन्या मोटारीस यंत्रानें चकाकी आणण्याचें मीं मनावर घेतलें. गाडी धुऊन पुसली. ती लख्ख दिसूं लागली. यंत्र हातीं घेणार, तोंच धाकट्या मुलानें मला अडविलें. "बाबा, आधीं पातळ पिशवींत हात घालून रंगावरून फिरवून पाहा." पाहतों तों सारा पत्रा खरखरीत! ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण, झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे रंगास घट्ट चिकटून बसले होते. डोळ्यांस मात्र त्यांचा मागमूस नव्हता. तसेंच यंत्र चालविलें असतें, तर तेच कण फिरत्या गादीखालीं सांपडून जागोजाग ओरखडे उठले असते.

त्यानें 'क्ले बार' म्हणजे कृत्रिम मऊ मातीची वडी आणली. साबणाचें पाणी शिंपडून ती हलक्या हातानें सरळ रेषेंत फिरवावयाची. मळली कीं दुमडून स्वच्छ बाजू पुढें घ्यावयाची. काम संपत आलें असतां वडी माझ्या हातून जमिनीवर पडली.

"आतां ती टाकून द्या, बारीक खडा रुतला असेल," तो म्हणाला.

"एवढ्यानें काय होतें?" म्हणून मीं तीच फिरविली, आणि दारावर वीतभर ओरखडा उठला. रंगावरील पारदर्शक थर केंसाहूनही पातळ. ओरखडा पुरता घासून काढावा, तर थरच जावयाचा. यंत्रानें बाकीची गाडी आरशासारखी झाली, ओरखडा राहिला.

मुलांनो, चूक दाखविणाऱ्याचें वय पाहूं नये, असें मी तुम्हांस नेहमीं सांगतों. तें स्वतः शिकावयास मला वीतभर ओरखडा लागला.