गळती आधी शोधा

११ जून २०२५, बुधवार
रात्रपाळी सुटल्यावर जीआयडीसीच्या नाक्यावर चहा घेताना बातमी वाचली. अंतराळस्थानकाकडे निघालेले भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांचं उड्डाण पुन्हा लांबलं. फाल्कन-९ रॉकेट सात सेकंद पेटवून पाहिलं, तेव्हा द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. गळती काढून पुन्हा चाचणी घेतल्याशिवाय उड्डाण नाही, असं ॲक्सिअम आणि स्पेसएक्स या कंपन्यांच्या लोकांशी बोलून ठरल्याचं इस्रोनं कळवलं आहे. बाकावरचा एक जण म्हणाला, "आपलं नाव आलं की अपशकुन." मला उलट बरं वाटलं. रॉकेट दुसऱ्याचं, आपण पैसे भरून बसणारे; अशा वेळी पाहुण्यानं घरातल्या गॅसचा वास येतो म्हणायला धीर लागतो.

१४ जून
परवा अहमदाबादला विमान कोसळलं. मिलमध्ये दुसरं बोलणं नाही.
इकडे आता अंतराळस्थानकाच्या रशियन भागात, ‘झ्वेझ्दा’मध्ये, गळतीच्या दुरुस्तीनंतर दाबाचे आकडे वेगळे दिसतायत म्हणून उड्डाण थांबलंय. म्हणजे भोक रशियाच्या खोलीत आणि खोळंबा अमेरिकेतल्या तळावर. एकाच भिंतीआड राहायचं तर दुसरं काय होणार!

२६ जून
काल दुपारी बाराला उडालं. आज चारच्या सुमाराला शुक्लांचं ड्रॅगन यान स्थानकाला जोडलं गेलं. मुलगा सारखा विचारत होता, "आत का जात नाहीत?" दार उघडायला पावणेसहा झाले. मधल्या वेळात जोड कुठे झिरपतोय का ते तपासतात. त्याला म्हटलं, आमच्या जेट मशीनमध्ये पॉलिएस्टर १३० अंशांवर रंगतं. दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय आम्ही झाकणाला हात लावत नाही.

१७ जुलै
शुक्ला परवा सुखरूप उतरले. आज अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ या यानांच्या अंतराळातल्या जोडणीला ५० वर्षं झाली. जुनी माहिती वाचत बसलो आणि जेवण राहिलं.
अपोलोत निव्वळ ऑक्सिजन, दाब साधारण एक तृतीयांश वातावरणाचा. सोयूझमध्ये साधी हवा, पूर्ण दाबाची. सोयूझमधला माणूस तसाच अपोलोत गेला असता तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले असते. म्हणून अमेरिकेनं मध्ये एक खोली बांधली, दाब हळूहळू बदलणारी. रशियानं सोयूझचा दाब दोन तृतीयांशावर आणला. दोघांनी थोडं थोडं सोडलं.
जोडणीची कडी तर फिटरनं मान डोलवावी अशी. आमच्याकडे आटे नर आणि मादी. नर कोण, मादी कोण यावर दोन महासत्ता भांडल्या असत्या. त्यांनी दोन्ही बाजूंची कडी सारखीच केली, कोणीही पुढाकार घेऊन जोडावं अशी. आणि हे शीतयुद्धात, १९७५ साली! मागच्या आठवणी ताज्या होत्या: १९६७ला अपोलो-१ जमिनीवरच जळलं, १९७१ला सोयूझ-११ची हवा व्हॉल्व्हमधून निसटून तिघे गेले. झेंड्यांच्या फोटोंपेक्षा मला ती मधली खोली मोठी वाटते.

२३ ऑगस्ट
फाल्कनमधल्या गळतीच्या जागी पाइपात तडा निघाला होता, असं इस्रोचे अध्यक्ष नारायणन यांनी सांगितलं आहे. तसंच उडवलं असतं तर अनर्थ होता. गगनयान या आपल्या मानवी मोहिमेचे चौघे आधी रशियात शिकून आले; आता दुसऱ्याच्या यंत्रावर बोट ठेवायचंही शिकून झालं. करारात असं बोट ठेवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला असावा, धीरावर सोडू नये.
पाळीवर ही बातमी डाइंग मास्तरांना दाखवली आणि तीन नंबरच्या जेटच्या गास्केटची आठवण करून दिली. ते हसले. "एमनुं तो रॉकेट छे, भाई. आपणे तो साडी काढवानी छे."