होडीच्या मशिनाचें तेल

नारळी पौर्णिमा झाली कीं कोंकणच्या किनाऱ्यावर दोन महिने विसावलेलीं लहान इंजिनें पुन्हा होड्यांच्या पाठीवर चढूं लागतात. १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. त्या काळांत होडीच्या मागील फळीस अडकविण्याचें हें इंजिन, ज्यास कंपन्या आउटबोर्ड म्हणतात व आमच्या देवबाग-तारकर्लीकडे नुसतें 'मशीन' म्हणतात, तें पडवीच्या कोपऱ्यांत गोणपाट पांघरून असतें. त्याच्याखालीं जमिनीवर काळा डाग पडला तर तो प्रथम दिसतो घरांतील बायकांस. आणि असला विषय या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें धार्ष्ट्य आम्ही करीत आहों, त्याचें कारणही हेंच होय. डाग पुसण्यापूर्वीं तो नीट पाहिला तर कधीं कधीं पुष्कळ खर्च वांचतो.

आम्हीं उमेदीचीं वर्षें यंत्रविद्या शिकविण्यांत घालविलीं व आतां कर्ली नदीच्या मुखाजवळ राहतों. तेव्हां शेजाऱ्यांचीं रुसलेलीं इंजिनें आमच्या अंगणांत येणें क्रमप्राप्तच झालें आहे. गेल्या वर्षीं भाद्रपदांत एक तरुण असाच आला. "गुरुजी, तेल गळता नि मशीन सुरूच होयना!" एवढेंच त्याचें गाऱ्हाणें. यंत्र जुनें, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करावयाचें. तीस वेळां दोरी ओढावी तेव्हां तें एकदां खोकावें आणि पुन्हा गप्प बसावें. एका दुरुस्तीवाल्यानें पाहतांक्षणींच निदान केलें होतें कीं, खालचीं सीलें गेलीं, गिअरचा डबा सारा खोलावा लागेल. सांगितलेली रक्कम ऐकून मुलाच्या आईनें पाटल्या गहाण ठेवण्याची तयारी चालविली होती. बरें, तसेंच रेटावें म्हटलें तर नदी समुद्रास मिळते तेथें वाळूवर लाटा फुटत असतात. तेथें मशीन बंद पडलें कीं होडी आडवी होते, आणि आडव्या होडीचें पुढची लाट काय करते हें किनाऱ्यावरील पोरासही सांगावें लागत नाहीं.

आमचा पहिला प्रश्न होता: तेल गळतें खरें, पण कोणतें? ओल एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिरानें १९०९ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी येथें आपलें यंत्र विक्रीस आणलें, तेव्हांपासून याची ठेवण फारशी बदललेली नाहीं. वर इंजिन, मध्यें उभा दांडा, खालीं पाण्यांत गिअरचा डबा व पंखा. टू-स्ट्रोक यंत्रांत वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळतात. पुष्कळ यंत्रांस लिटरामागें सुमारें २० मिलिलिटर. गिअरच्या डब्यांतील तेल अगदीं निराळें. तें दाट व चिकट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो, आणि आंत पाणी शिरलें असेल तर तें ताकासारखें पांढुरकें होतें. उलट, न जळलेलें मिश्रण पातळ, काळें व पेट्रोलच्या वासाचें. आतां घोटाळा असा कीं, पुष्कळ यंत्रांत जळका धूर पंख्याच्या मधूनच बाहेर पडतो. म्हणजे फुटक्या सीलांतून तेल जेथें ठिबकावें नेमकें तेथेंच हें काळें पाणीही ठिबकतें. डोळ्यांनीं फसावें, पण नाकानें व बोटांनीं फसूं नये.

आम्हीं मशीन उभें टांगून त्याखालीं रात्रभर जुनें वर्तमानपत्र अंथरलें. सकाळीं डाग पातळ, काळा, पेट्रोलच्या वासाचा. मग डब्याचा खालचा स्क्रू थोडा सैल केला. रात्रभर स्थिर राहिलेल्या डब्यांत पाणी असतें तर तें तळाशीं बसून आधीं बाहेर आलें असतें. आलें तें स्वच्छ तेल. सीलें शाबूत होतीं! प्लग काढला तर तो ओला व काळा. तेव्हां विचारपूस केली. मे महिन्याच्या अखेरीस त्यानें मशीन उतरवलें तें कार्बोरेटर भरलेला ठेवूनच. दोन महिन्यांत त्यांतील पेट्रोल उडून गेलें. तेल मागें राहिलें आणि जेटाच्या बारीक छिद्रांत त्याचा चिकटा बसला. मग प्रत्येक ओढीबरोबर तें तेल आंत जाऊन प्लग भिजवी व न जळतांच खालून बाहेर पडे. सुरू न होणें आणि गळणें हीं दोन दुखणीं नसून एकच होतें.

कार्बोरेटर धुतला, जेट पेट्रोलांत भिजवून फुंकून साफ केले. (छिद्रांत तार खुपसणाऱ्यांचा आम्हांस मनस्वी राग येतो, छिद्र केसभर मोठें झालें कीं इंधनाचें प्रमाण कायमचें बिघडलें.) नवा प्लग, ताजें मिश्रण, आणि पाण्यानें भरलेल्या पिंपांत तिसऱ्याच ओढीस मशीन धरलें. ठिबकणें मात्र पुढें दोन दिवस चालूच होतें, कारण धुराच्या वाटेंत सांचलेलें तेल एकदम निघत नाहीं. हें न सांगितलें तर लोक पुन्हा घाबरतात.

दुरुस्तीवाल्याचें निदान सर्वत्र खोटेंच असतें असें नव्हे. दुसऱ्या एका होडीच्या पंख्यामागें मासेमारीचा तंगूस गुंडाळला जाऊन त्यानें सील कापलें होतें. तेथें तेल पांढुरकें निघालें. पण तें मशीन पहिल्या ओढीस चालू होई, यावरूनच दोष खालचा हें उघड होतें. सील बदलल्यावर तेल खालच्या छिद्रांतून वर चढवावें लागतें, वरच्या छिद्रांतून येऊं लागेपर्यंत; वरून ओतल्यास आंत हवा कोंडते. स्क्रूखालील वॉशर दर वेळीं नवा घालावा. चार पैशांच्या त्या चकतीची काटकसर आम्हांस कधींच समजली नाहीं.

फोर-स्ट्रोक मशिनास तिसरें तेल असतें. तें चुकीच्या कुशीवर आडवें निजविलें कीं तेल सिलिंडरांत उतरतें, मग धूर फार आणि सुरू होण्याची मारामार. टाकीच्या झांकणावरील हवेचा स्क्रू बंद राहणें, बंद करण्याच्या बटनाची दोरी निसटलेली असणें, हीं कारणें इतकीं क्षुल्लक कीं लोक तीं शेवटीं पाहतात. त्यांतून २०२५ सालापर्यंत पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर आलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें. अर्धी भरलेली टाकी आषाढ-श्रावणांत तशीच राहिली तर तळाशीं पाणी वेगळें होतें, आणि तें प्रथम इंजिनाच्याच वांट्यास येतें.

यंदाच्या मे अखेरीस त्या तरुणानें आमच्याच पिंपांत मशीन चालविलें. गोड्या पाण्यानें आंतील खारटपणा धुऊन घेतला. मग इंधनाची नळी काढून तें आपोआप बंद पडेपर्यंत थांबला. पाण्याबाहेर चालवूं नये, पंपांतील रबर जळतें, हें त्यानेंच आपल्या धाकट्या भावास बजावलें. मशीन आतां त्यांच्या पडवींत उभें आहे. खालीं अंथरलेलें वर्तमानपत्र त्याची आई दर आठवड्यास उचलून हुंगते.