फराहबागेतला न लिहिलेला डाव

नगर म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? शिर्डीला जाताना लागणारं ट्रॅफिक, चहाचा ब्रेक, फार तर भुईकोट किल्ला. २०२४ पासून कागदोपत्री नाव अहिल्यानगर झालंय, पण स्टँडवर कंडक्टर अजूनही ‘नगर, नगर’ असंच ओरडतो. या वीकएंडला मात्र बायपास सोडा आणि सोलापूर रोडला वळा. लष्कराच्या रणगाडा म्युझियमकडे सगळेच जातात. तिथून जवळच एक अष्टकोनी, दुमजली महाल उभा आहे. तो बघायला कमी लोक जातात. तोच फराहबाग.

एका मोठ्या चौकोनी तलावाच्या मधोमध हा महाल बांधलाय. तलाव आता कोरडा आहे, पण उंच घुमटाखाली उभं राहिलं की भर दुपारीही गार वाटतं. निजामशाहीतला वजीर सलाबतखान (दुसरा) यानं १५८३ मध्ये तो पूर्ण केला, सुलतान मुर्तजा निजामशहासाठी. आणि हा सुलतान इथे करायचा काय? जिल्हा गॅझेटियरमध्ये आख्यायिका आहे, की दिल्लीहून आलेल्या फतेहशहा नावाच्या गवयाबरोबर तो बुद्धिबळं खेळत बसायचा. दोस्ती इतकी, की त्याच्यासाठी बागेत वेगळा लक्कड महालही बांधून दिला.

मी जुने डाव जमवते. म्हणजे पट आणि सोंगट्या नाही, कोण कुठली चाल खेळलं त्याच्या नोंदी. मित्रमैत्रिणी स्नीकर्स जमवतात, मी हे. सुरुवात झाली ‘गो’ या खेळापासून. १९ उभ्या, १९ आडव्या रेघा, काळे-पांढरे खडे. एकदा ठेवलेला खडा सरकत नाही, फार तर मारला जातो. त्यामुळे खड्यांवर १, २, ३ असे आकडे टाकले की अख्खा डाव एका कागदावर मावतो. या कागदाला म्हणतात किफु. शोगुनसमोर किल्ल्यात रंगणाऱ्या डावांचे पाचशेहून जास्त किफु आजही शिल्लक आहेत. कुणीही उघडावा आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाबरोबर विचार करत बसावं.

आता तारखा बघा. १५८२ च्या जूनमध्ये क्योटोच्या होन्नोजी मंदिरात ओदा नोबुनागासमोर सान्सा आणि रिगेन हे दोघे गो खेळले, आणि त्याच रात्रीनंतर बंड होऊन नोबुनागा गेला, अशी कथा आहे. त्या डावाचा म्हणून १२८ चालींचा एक किफुही दाखवतात. तो खरा की नंतर कुणी रचला, यावर जाणकार अजून भांडतात. पण भांडायला कागद तरी आहे! पुढच्याच वर्षी नगरात फराहबाग पूर्ण झाली. तिथल्या डावांची एकही चाल आपल्याकडे नाही.

लिहिणारी माणसं नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. प्रसिद्ध इतिहासकार फरिश्ता याच दरबारात होता, मुर्तजाच्या पहाऱ्यावर. सुलतानाचं एकांतात जाणं, वजिरांची भांडणं, १५८८ मध्ये मुलानंच केलेला त्याचा खून, सगळं त्यानं लिहून ठेवलं. शेवट कसा झाला ते आपल्याला नीट माहीत आहे. हरवलं ते रोजचं. सुलतान घाईनं खेळायचा का? गवई मुद्दाम हरायचा का? एक डाव हाती असता, तरी या एकांतप्रिय माणसाचा स्वभाव थोडा कळला असता.

खरं तर आपल्याकडे शेवटच जपायची सवय होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं. त्यात भर आहे तो कोड्यांवर: पट असा मांडलाय, इतक्या चालींत मात करा. तिथवर पोचायची वाट त्यात नाही. कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी १८५० च्या आसपास जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी खेळायचे. कॉक्रेननं ते डाव टिपून लंडनला पाठवले, म्हणून महेशचंद्रांच्या चाली आज जगाला माहीत आहेत. त्यांच्यासारखे आणखी कितीजण नुसतेच खेळून गेले असतील!

आता चित्र बदललंय. याच नगर जिल्ह्याचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला. अशा स्पर्धांत चाल लिहिणं हा नियमच आहे. त्यामुळे त्याचे डाव जगात कुठेही, एका क्लिकवर बघता येतात.

माझ्या आजोबांचे मात्र नाहीत. ते नगरचे. पन्नास वर्षं रोज संध्याकाळी शेजारच्या वाड्यात खेळले. सोबतचे चौघेही आता नाहीत. ‘आजोबा, तुमचा सगळ्यात भारी डाव कोणता?’ म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘अगं, एकदा प्याद्यानं मात केली होती. बाकी कोण लक्षात ठेवतंय?’

मग मी वही काढली आणि त्यांच्यासमोर बसले. ते देशी नियमांनी खेळतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. या उडीसाठी पुस्तकात खूण नाही, म्हणून मी एक छोटा मुकुट काढला. चौतिसाव्या चालीला मी हरले. आजोबांनी वही मागून घेतली, चष्मा लावून पहिल्यापासून वाचली आणि सतराव्या चालीवर बोट ठेवलं, ‘इथं तुझा उंट खाल्ला असता. सोडला.’

तर फराहबाग बघून या. वेळ असेल तर शहाडोंगरावरही जा. तिथल्या तीनमजली इमारतीला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. ज्यानं फराहबाग बांधली, त्याचं नावही लोकांच्या तोंडी उरलं नाही. आणि घरी कुणी जुना खेळाडू असेल, तर येत्या रविवारी पट मांडा. फोटो नंतर काढा, आधी चाली लिहा.