रॉयापुरमचं रेनी

आज रॉयापुरमला रेनी हॉस्पिटलवरून आले. बाहेर एक बाई स्टीलच्या डब्यातली इडली सांबारात कुस्करून लेकीला भरवत होती. पोरीच्या मनगटावर सलाइनची चिकटपट्टी तशीच.

मटिल्डा मॅकफेल ही स्कॉटिश मिशनची डॉक्टर १८८८ साली मद्रासला आली. पुरुष डॉक्टरला नाडीही न दाखवणाऱ्या बायका घरातच कण्हत राहायच्या. त्यांच्यासाठी तिनं दवाखाना थाटला. पुढे १९१४ साली त्याचंच हे हॉस्पिटल झालं.

मला मात्र राहून राहून पंडिता रमाबाई आठवत होत्या. १८७४ मध्ये याच मद्रास इलाख्यातल्या दुष्काळानं त्यांचे आईवडील नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली उचलून केडगावला आणल्या. पोटाला चिमटे काढलेली बाई ती, तिला कुणी दुष्काळाचा अहवाल वाचून दाखवायची गरज नव्हती.

अशा मिशनरी मदतीवरचा धर्मांतराचा आक्षेप पोकळ नाही. उपाशी माणसापुढे ताट आणि बायबल एकदम ठेवलं, तर त्याच्या होकाराला कितीसा अर्थ? टिळकांनी ‘केसरी’तून रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शारदा सदनावर धर्मांतराचाच आक्षेप घेतला. पण तेव्हा विधवेला दुसरं दार तरी कुठं होतं? पुढे अण्णा कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईसुद्धा शारदा सदनातच शिकल्या.