वजाबाकीतली माणसं

साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या काही गावांत जुन्या भिंतीत बसवलेली एक संगमरवरी पाटी दिसते. अक्षरं इंग्रजी, मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच: 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, फक्त दोन आकडे. अशा पाटीपुढे उभं राहिलं की मला न कोरलेला तिसरा आकडा दिसायला लागतो. गेलेल्यांतून मेलेले वजा करायचे. उरतील ते परत आलेले.

मेलेल्यांपुढे आपण मान लववतो आणि ती लववलीच पाहिजे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जण त्या युद्धात कामी आले. गावाच्या नावाला कायमचं ‘मिलिटरी’ जोडलं गेलं आणि आजही तिथल्या घराघरांतून पोरं भरतीला जातात. पण जे परतले, पेटी खांद्यावरून उतरवून पुन्हा औताला लागले, त्यांच्याशी गाव काय बोललं असेल? पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथं वेढ्यात अडकल्या होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापायची वेळ आली. ते मांस खायचं की नाही, यावर कितीतरी हिंदी शिपाई आतल्या आत झुंजत राहिले. मग शरणागती, मग तुर्कांची कैद आणि वाळवंटातली पायपीट. यातून जगलेला माणूस पुढं कधीतरी ओसरीवर बसून भाकरी मोडत असेल, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? त्याच्या घरच्यांनी विचारलं असेल का? त्याला सांगवलं असतं का?

पराक्रमाची कागदोपत्री नोंद राहते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीपाशी होते. जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागं आणलं आणि मग एकट्यानं शत्रूची तीन मशीनगन ठाणी मोडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवसाचं मानपत्र आपल्याला वाचता येतं. पण ते 1984 पर्यंत जगले. एका दिवसामागची ही जवळजवळ चाळीस वर्षं कुठल्याच मानपत्रात बसत नाहीत, आणि मला ओढ आहे ती त्यांचीच.

आमच्या आळीत एक निवृत्त हवालदार राहतात. गाव त्यांना मेजर म्हणतं. आमच्याकडं पेन्शनीत आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. पंधरा ऑगस्टला त्यांना पुढची खुर्ची मिळते, नारळ आणि शाल मिळते. मग ध्वनिक्षेपकावर दुसरंच कुणीतरी देशभक्तीवर बोलतं आणि मेजर शाल मांडीवर घेऊन ऐकत बसतात. मला ते पाहवत नाही. ज्यानं उमेदीची वर्षं बर्फात काढली, त्याच्यासमोर बर्फावर भाषण कसलं करायचं? माइक त्याच्या हातात द्यावा आणि आपण खाली बसावं.

एका संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडं गेले. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली 14 जानेवारीला निवृत्त झाले, म्हणून आता हा दिवस माजी सैनिकांचा मानला जातो. बहुतेक वर्षी तीच संक्रांत असते, हे मला फार शोभून दिसतं. मी विचारलं, “मेजर, लढाईत काय काय पाहिलं?” ते नुसतं “बरंच” म्हणाले. मग विचारलं, “तुमचं रोजचं काम काय असायचं?” आणि माणूस उलगडत गेला.

ते खच्चरांच्या कंपनीत होते. गाडी जात नाही त्या चौक्यांवर रेशन, रॉकेल, दारूगोळा खच्चरांच्या पाठीवरून पोचवायचा. त्यांच्या खच्चराच्या खुरावर डागलेला नंबर त्यांना अजून तोंडपाठ आहे. “धुकं उतरलं की वाट मला दिसायची नाही, त्याला ठाऊक असायची. मी नुसता दोर धरून चालायचो.” ते खच्चर काढून टाकलं, त्या दिवशी ते जेवले नव्हते. आपल्याला झालेल्या हिमदंशाचं त्यांनी सांगितलं ते सगळ्यात शेवटी, चपला घालता घालता.

काकू आतून ऐकत होत्या. पत्रांचा विषय निघाला तशा त्या उंबऱ्यात येऊन टेकल्या. पत्त्यावर नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘मार्फत 56 ए.पी.ओ.’. त्यात ना गाव, ना जिल्हा. नवरा राजस्थानच्या वाळूत आहे की हिमालयात, हे पाकिटावरून कळायचं नाही. रेडिओवर थंडीची लाट सांगितली की त्या उगीचच त्याच्यासाठी स्वेटर विणायला घ्यायच्या. सासूचं आजारपण, विहिरीचं भांडण, पोरीचा टायफॉइड, हे सगळं त्यांनी निस्तरलं आणि पत्रात लिहिलं, ‘इकडे सर्व खुशाल.’ नोकरी मेजरांची, पण ती दोघांनी केली. पेन्शनच्या कागदांवर मात्र हे कुठं लिहिलेलं नसतं.

मेजर म्हणाले, “त्या साली मी सिक्कीमला होतो.”

“कुठलं सिक्कीम?” काकूंनी तिथूनच दुरुस्त केलं. “तवांगला होता तुम्ही. थोरली पोटात होती तेव्हा. तार मीच केली होती की.”