चमकी आणि अ‍ॅप्रन

द्वारका, नाशिक. रविवार, रात्र.

भाचीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला आणि घरात वाद पेटला तो तिच्या नाकातल्या चमकीवरून. ताई म्हणते, डॉक्टरला शोभत नाही. आई म्हणते, मुलीचं नाक मोकळं बरं दिसत नाही. 'नीट' प्रवेशपरीक्षेच्या दिवशी चमकी काढावीच लागली होती, पण ती मनाई कॉपी रोखण्यासाठी. वॉर्डातल्या नियमाचं कारण रुग्ण हेच असायला हवं.

अंगठी, बांगड्या, घड्याळ यांबाबत ते कारण पक्कं आहे. अंगठीखाली जंतू साचतात, हात नीट धुतले जात नाहीत. म्हणूनच इंग्लंडने २००७ मध्ये कोपरापासून खाली हात मोकळे ठेवण्याचं धोरण जाहीर केलं. लोंबते डूल लहान मूल ओढतं. नुकतंच टोचलेलं, न भरलेलं नाक जंतुसंसर्गाला वाव देतं. ऑपरेशन थिएटरमध्ये तर सगळेच दागिने उतरवावेत. पण ओपीडीत बसताना, जखम कधीच भरलेल्या नाकातली बारीक चमकी रुग्णाचं काय बिघडवते?

फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय विद्यार्थिनींचं १८८५चं छायाचित्र आठवतं. आनंदीबाई जोशी साडीत, शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत. पुढच्याच वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पोशाखाने त्यांच्या विद्येत काही उणं आलं नाही.

भाचीला सांगणार आहे: हात स्वच्छ ठेव, नखं कापलेली ठेव, थिएटरचा नियम मोडू नकोस. बाकी चमकी ठेवायची की काढायची, हे तू ठरव.